फुटका सायलेन्सर आणि बंद काचा

मे महिन्यातली दुपार. बोदवडहून भुसावळला निघायचं तर काचा बंद आणि एसी चालू, याला पर्याय नसतो. आमची गाडी २००६ सालची मारुती ८००, एमएच १९ची. गेल्या दोन महिन्यांपासून ती फरफर आवाज करत होती. सायलेन्सरला कुठेतरी बारीक भोक पडलं असेल, सवड मिळाली की वेल्डिंग मारून घेऊ, असं म्हणत मी दिवस ढकलत होतो.

वरणगावच्या अलीकडे मागच्या सीटवरचा मोठा मुलगा म्हणाला, डोकं दुखतंय. पाठोपाठ धाकट्याला उलटी झाली. आई म्हणाली, "ऊन लागलं रे लेकरांना." गाडी निंबाखाली उभी केली. आईने पिशवीतला कांदा फोडून मुलांच्या नाकाशी धरला. दहा-पंधरा मिनिटांत दोघं टवटवीत झाली. पुन्हा निघालो आणि थोड्याच वेळात पुन्हा तेच. या खेपेला आईचंही डोकं जड झालं होतं. मग काचा उतरवल्या आणि तापलेला वारा खात भुसावळ गाठलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी खड्ड्यावर घेतली. पुढच्या सीटच्या खाली, नळीच्या जोडाजवळ, नखाएवढी चीर होती. तिच्याभोवती काजळीचा काळा पट्टा उमटला होता. त्याच्याच वर, गाडीच्या तळाच्या पत्र्यातल्या एका भोकाचं रबरी बूच पडून गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, नुसता आवाज येतो म्हणाला असतात, तर मीही मागच्या डब्याला टाका मारून गाडी दिली असती. लेकरांचं डोकं दुखतं म्हणालात, म्हणून पुढपर्यंत बघितलं."

त्याच्या या वाक्याने मला हा लेख लिहायला लावला. सायलेन्सर फुटला की आपण कानाने विचार करतो. आवाज सहन होतो तोवर गाडी चालवतो, आवाज दबला की काम झालं समजतो. जिवाला धोका असतो तो मात्र आवाज नसलेल्या, वास नसलेल्या वायूचा.

नळीतून काय वाहतं?

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, ती खरं तर पाच-सहा भागांची साखळी असते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला धूर ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. तिथून पुढची नळी, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधली नळी, मग आवाज मारणारा डबा आणि शेवटी मागची पुंगळी. दोन भागांच्या मध्ये फ्लेंज आणि त्यात पॅकिंग. ही सगळी साखळी गाडीच्या तळाला रबरी कड्यांनी टांगलेली असते. इंजिन हलतं, नळी तापून लांबते, रस्ता हादरे देतो. हे सगळं त्या रबरांनी सोसायचं.

सायलेन्सर ही कल्पना जवळजवळ मोटारीएवढीच जुनी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्येच इंजिनाचा आवाज मारणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं होतं. कन्व्हर्टर मात्र आपल्याकडे उशिरा आला. १ एप्रिल १९९५ पासून तो मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आधी तिथेच पोचवलं गेलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर मिळू लागलं. त्यामुळे १९९७-९८ च्या दोन सारख्याच गाड्यांमध्येही फरक सापडतो. मुंबईहून सेकंडहँड आलेल्या गाडीला कन्व्हर्टर असतो, जळगावात नवी घेतलेल्या गाडीला नसतो. जुन्या गाडीचा पाइप बदलताना ही गोष्ट आधी बघून घ्यावी.

कन्व्हर्टरच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. ही जाळी तापली की कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करते. म्हणजे कन्व्हर्टरच्या मागे गळणारा धूर त्यातल्या त्यात बरा आणि पुढे गळणारा सर्वांत विषारी. आमच्या गाडीची चीर नेमकी पुढे होती.

ऊन लागलं की वायू चढला?

पेट्रोल पुरतं जळालं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला जेवढं धरून ठेवतं, त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट या वायूला धरतं. तो रक्तातली प्राणवायूची जागा अडवून कसा मारतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं.

थोडा हिशेब करू. इसवी सन २००० पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला पीयूसी तपासणीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. ३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ३०,००० भाग. माणूस बसलेल्या हवेत हेच प्रमाण २०० भाग झालं, तर दोन-तीन तासांत डोकं दुखायला लागतं. १,६०० भागांवर वीस मिनिटांत चक्कर-मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत जीव जाऊ शकतो. म्हणजे तपासणीत पास झालेल्या जुन्या गाडीच्या नळीतला धूरसुद्धा बंद गाडीत झिरपला, तर घातक ठरतो. डिझेल गाडीत हा वायू बराच कमी असतो, पण काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतातच. त्यामुळे जुनी बोलेरो किंवा सुमो आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

खानदेशात आणखी एक फसगत होते. या विषबाधेची लक्षणं आहेत डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, झोप येणं. ऊन लागल्याचीही लक्षणं तीच. गाडी लागल्याची तीच, पित्ताचीही जवळपास तीच. मग कांद्याने, लिंबू-सरबताने, आल्याच्या वडीने उपचार होत राहतात आणि खरं कारण पायाखालीच राहतं. ओळखण्याची साधी खूण अशी: गाडीतल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास होतो, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर उतरतो आणि पुन्हा बसल्यावर चढतो. असं झालं तर ते ऊन नाही, धूर आहे असं धरून चालावं.

माणूस गुंगला असेल, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात प्राणवायू लावायला सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर हे काम साधारण दीड तासात होतं. करोनानंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं आणि ते ९७-९८ दाखवतं. त्या आकड्यावर विसंबू नका.

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला गर्दी असते. रांग लांब दिसली की म्हाताऱ्या माणसाला एसी लावून गाडीत बसवून ठेवतात. चालत्या गाडीखालून धूर निदान मागे उडून जातो. उभ्या गाडीखाली तो साचतो आणि तळाच्या भोकांतून, हवा आत घेणाऱ्या झडपेतून वर चढतो. शटर ओढलेल्या गाळ्यात गाडी चालू ठेवणं त्याहून वाईट. डिकी उघडी ठेवून सामान नेतानाही जपावं. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या पुंगळीचा धूर डिकीतून आत ओढला जातो.

नळी आतून का सडते?

खानदेशची हवा कोरडी. कोकणातल्या गाडीसारखा इथल्या गाडीचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला जात नाही. तरी सायलेन्सर का सडतो? कारण पाणी इंजिनच तयार करतं. पेट्रोलमधला हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो आणि एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर पडतं. बोदवडच्या पाचवीला पाणीटंचाई पुजलेली आहे. इथल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, पण हिवाळ्यात सकाळी पुंगळीतून टपटप पडणारं पाणी हेच. त्यात बिघाड काही नाही.

बिघाड होतो तो हे पाणी आत राहिल्याने. गाडी लांबच्या प्रवासाला निघाली की डबा तापतो आणि वाफ निघून जाते. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून बाजार, एवढंच चालणाऱ्या गाडीचा मागचा डबा कधी पुरता तापतच नाही. वाफ आतच थिजते, इंधनातल्या गंधकाशी मिळून सौम्य आम्ल होते आणि पत्रा आतून पोखरते. वरून रंग दिसतो, आत मात्र गंजाचे पापुद्रे. म्हणून कमी चाललेली गाडी म्हणजे सायलेन्सर चांगला, हा समज सोडून द्यावा. काही डब्यांच्या तळाला कारखान्यातूनच एक बारीक छिद्र असतं. ते पाणी निथळण्यासाठी असतं, फुटलं समजून ते बुजवू नये.

बाहेरून मारा करते ती आपली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलं की ही चिकट माती नळीवर आणि रबरांवर लिंपली जाते आणि कित्येक दिवस ओल धरून ठेवते. पोळ्याच्या सुमारास एकदा गाडीचा तळ पाण्याच्या मोठ्या फवाऱ्याने धुऊन घेतला, तर नळीचं आयुष्य वाढतं.

गळती शोधायची कशी?

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. बॉनेट उघडून गाडी चालू केली आणि टिक-टिक असा आवाज आला, गाडी तापल्यावर तो विरला, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग संशयित. धातू तापून फुगतो आणि फट मिटते, म्हणून आवाज जातो. मिस्त्रीकडे गाडी तापलेली पोचते आणि त्याला काही सापडत नाही, याचं कारण हेच. अशी गाडी रात्रीच त्याच्याकडे ठेवून यावी.

नंतर मोकळ्या जागी, हातात जाड मोजा घालून, घडी केलेलं ओलं फडकं एखाद्याने पुंगळीवर क्षणभर दाबून धरावं. आतला दाब वाढला की गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. नळी थंड असताना जोडांवर साबणाचं पाणी लावून इंजिन सुरू केलं, तर गळतीपाशी बुडबुडे येतात. आणि डोळ्यांना दिसणारी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे जोडाजवळची काजळी. उदबत्तीचा धूर कुठे हलतो ते बघायची एक पद्धत आहे, पण जुन्या गाडीत पेट्रोलची नळी झिरपत असण्याची शक्यता असते. विस्तव तळाशी नेऊच नये.

नळी फक्त बाहेर फुंकते असं नाही, ती आतही ओढते. इंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत चिरेतून बाहेरची हवा आत शिरते. ही हवा प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचली की संगणकाला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज उतरतो, कन्व्हर्टर गरजेपेक्षा तापतो. शिवाय मागच्या बाजूला धुरात ताजी हवा मिसळल्याने पीयूसीच्या यंत्रावर आकडे खोटे कमी दिसू शकतात. प्रमाणपत्र हातात आहे म्हणून नळी धड आहे असं मानता येत नाही.

टाका, तुकडा की नवा डबा?

इथे एकच कसोटी लावावी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर आणि डब्यावर ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला थप्प वाजतो. आतून गंजाचा भुगा गळण्याचा आवाज आला तर डबा संपला. अशा पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. टाका मारला की शेजारी नवं भोक पडतं.

चीर जोडावर असेल आणि नळी शाबूत असेल, तर नुसतं पॅकिंग बदलून काम भागतं. दबलेलं जुनं पॅकिंग पुन्हा बसवू नये. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, नाहीतर बोल्ट तुटून मॅनिफोल्डमध्ये अडकतो आणि पाच मिनिटांचं काम दिवसाचं होतं.

चांगल्या नळीला एकाच जागी भोक असेल, तर तेवढा भाग कापून त्यावर बाहेरून बसणारा नवा तुकडा चढवावा आणि दोन्ही टोकांना पूर्ण गोल वेल्डिंग करावं. चार टाके मारून दिलेला तुकडा पुन्हा गळतो. पत्रा पातळ असतो, त्यामुळे जाड रॉडचं आर्क वेल्डिंग त्याला जाळतं. गॅस वेल्डिंग किंवा मिग बरं. दोन गोळे एकत्र मळून लावायची साधी लांबी इथे टिकत नाही. जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो, तिथे ती करपून पडते. सायलेन्सरसाठी मिळणारी खास पेस्ट आणि पट्टी गावापर्यंत पोचायला पुरते, तेही मागच्या गार भागावरच.

डबा संपला असेल, तर नवाच घ्या. साध्या पत्र्याचा डबा स्वस्त असतो, ॲल्युमिनियमचा थर दिलेला जास्त टिकतो, स्टेनलेसचा त्याहून जास्त. गाडी अजून किती वर्षं ठेवणार, त्यावर निवड करावी. नळीचा व्यास मूळचाच ठेवावा. "कन्व्हर्टरमधली जाळी काढून टाकतो, गाडी मोकळी पळेल," असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणावं. ती जाळी भंगारात चांगल्या भावाने जाते आणि तुमच्या गाडीतून निघणारं विष तसंच रस्त्यावर येतं.

वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण वायर काढायला सांगा, नाहीतर अल्टरनेटर किंवा संगणक जळू शकतो. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जवळच लावावी. पेट्रोलच्या टाकीजवळचं काम असेल, तर नळी सोडवून बाहेर काढून मगच टाका मारावा. गॅस किट असलेल्या गाडीत तर हे सक्तीचंच समजावं. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणीही शिरू नये. खाली घोड्या लावाव्यात किंवा खड्ड्यावर काम करावं.

बसवताना पुढून मागे सगळे भाग आधी सैल लावावेत, नळी पत्र्याला, ब्रेकच्या होजला, पेट्रोलच्या नळीला कुठे टेकत नाही ना ते बघावं आणि मग पुढून मागे आवळत यावं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११३व्या नियमानुसार धुराची नळी आणि इंधनाची नळी यांत ३५ मिलिमीटर अंतर लागतं. त्याआधीचा ११२वा नियम सांगतो की मोटारीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा. कारण डावीकडे रस्त्याच्या कडेने माणसं चालतात. फुटकी नळी नेमकं हेच मोडते, ती विष आपल्याच पायाखाली सोडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषण आणि आवाजाची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढं करूनही नळी पुन्हा त्याच जागी तडकली, तर दोष तिचा नसतो. तुटलेलं रबर किंवा बसलेलं इंजिन माउंटिंग बदला. इंजिन जास्त हललं की सगळा ताण पुढच्या जोडावर येतो. आमच्या गाडीतही हेच निघालं. मिस्त्रीने चिरेचा भाग कापून तुकडा चढवला, पॅकिंग नवं घातलं, एक माउंटिंग आणि दोन रबरं बदलली. शेवटी न विसरता तळाच्या पत्र्यातलं ते पडलेलं बूच बसवलं. त्या बुचाची किंमत साऱ्या कामात सर्वांत कमी होती.

तुमची गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल, तर एवढं कराच. या उन्हाळ्यात काचा बंद करून एसी लावण्याआधी तिला एकदा खड्ड्यावर घ्या आणि मॅनिफोल्डपासून पुंगळीपर्यंत सगळी नळी व तळाची सगळी बुचं तपासून घ्या. आणि गाडीत दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर कांदा शोधण्याआधी काचा उतरवा, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा.